वेड पांघरून पेडगावला

माझे गाव पेडगाव. हे वाक्य मी कोणापुढे उच्चारले आणि समोरचा माणूस हसला नाही, असे झाल्याचे मला तरी आठवत नाही. प्रवासात नव्याने ओळख झालेले गृहस्थ हसतात, बँकेतला कारकून हसतो, आणि प्रथम वर्षाच्या वर्गात वाक्प्रचारांचा तास आला की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारते, "सर, तुम्ही दर शनिवारी गावी जाता तेव्हा काय पांघरून जाता?" मराठीच्या अध्यापकाला याहून गैरसोयीचे गाव मिळणे कठीण. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ गावाचे नाव ऐकून हसले होते. पण त्या मुलाखतीकडे मी मागाहून येतो.

वास्तविक म्हणीतले पेडगाव आमचे नव्हेच. ते श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथे बहादूरगड आहे, तिथे मोगलांचा बहादूरखान तळ देऊन होता, आणि शिवराज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आसपास, मराठ्यांच्या एका तुकडीने वेड्यासारखी हूल देऊन त्याची फौज लांबवर ओढून नेली व दुसरीने मागच्या मागे खजिना आणि घोडे लांबवले, अशी गोष्ट सांगतात. आमच्या वाट्याला यातले काही नाही. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला लागणारे एक लहान स्टेशन. गड नाही, खजिना नाही. काळी माती तेवढी आहे, आणि पावसाळ्यात ती माणसाला चपलेसकट धरून ठेवते. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आम्ही अभिमानाने म्हणतो. त्याचा अर्थ काय, हे मात्र कोणी विचारू नये.

या साऱ्याची आठवण होण्याचे कारण आमचे चिरंजीव.

मागच्या वर्षी शाळा उघडली आणि सातवीच्या वर्गात वर्गप्रतिनिधीची निवडणूक झाली. चिरंजीव निवडून आले. घरात पेढे आले. आठ दिवसांनी शाळेच्या दैनंदिनीतून वर्गशिक्षिकाबाईंची चिठ्ठीही आली. चिरंजीवांनी मतदानाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत चॉकलेटे वाटली होती. एका मताला एक, आणि जो आपल्याबरोबर आणखी दोन मते आणील त्याला तीन. शिवाय जाहीर आश्वासन दिले होते, की मी निवडून आलो तर बडबड करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव फळ्यावर लिहिणार नाही. विरोधात एक मुलगी उभी होती. वर्गातला बंद पडलेला पंखा दुरुस्त करून घेईन, एवढेच तिने सांगितले होते. ती नऊ मतांनी पडली. पंखा अजून बंदच आहे.

भांडवल कोठून आले याचा तपास केला, तेव्हा असे निघाले की आजीने वह्यांसाठी दिलेल्या पैशांतून. माझी आई त्या वेळी पेडगावाहून आमच्याकडे परभणीला आलेली होती.

त्या रात्री आमच्या घरी जे न्यायालय भरले, त्यात आरोपी सोडून सगळे एकमेकांना दोष देत होते.

"आमच्या माहेरी सात पिढ्यांत कोणी ग्रामपंचायतीलासुद्धा उभं राहिलेलं नाही," सौभाग्यवती म्हणाल्या. "हे रक्त तुमच्याकडचं."

"रक्ताचा काय संबंध?" मी म्हणालो. "हा संस्कारांचा प्रश्न आहे."

"मग संस्कार करायला तुम्ही घरी असता कधी? असता तेव्हा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात डोकं घालून असता."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने नातवाला जवळ ओढले, त्याच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि निर्णय दिला, "कामून भांडता? लेकरू मामावर गेलं. कान पाहा. हुबेहूब माह्या दादाचे कान."

आरोपी एवढेच म्हणाला, "सगळेच देतात. तिने नाही दिली म्हणून ती हरली." आणि झोपायला गेला.

आमच्या घरातला हा तंटा म्हणजे खरे तर साऱ्या महाराष्ट्राचा तंटा. कोणत्याही चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र उघडा. कोणी पक्ष बदललेला असतो, कोणाच्या संस्थेतला पैसा नाहीसा झालेला असतो, कोणी काल दिलेला शब्द आज गिळलेला असतो. एक गृहस्थ बशीत चहा ओतताना म्हणतात, "अहो, रक्तातच आहे त्यांच्या." दुसरे म्हणतात, "रक्त नाही हो, वळण. घरात जे पाहिलं तेच करणार." दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघेही पुढच्या पानावरच्या राशिभविष्याकडे वळतात.

गंमत अशी की आपल्या भाषेने या तंट्यात दोन्ही बाजूंनी साक्ष देऊन ठेवली आहे. "खाण तशी माती" म्हणणारी मराठी रक्ताच्या बाजूची. "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार" म्हणणारीही तिचीच बहीण. पण ज्या शेतकऱ्याने "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" असे म्हटले, त्याने दोन शब्दांत असा काही भेद केला आहे की मी वर्गात तिथे नेहमी थबकतो. वाण म्हणजे रंग. आमच्याकडे बियाण्याच्या जातीलाही वाणच म्हणतात. ते जन्माबरोबर येते. गुण शेजारून लागतो. पवळ्याचा रंग काही ढवळ्यासारखा झाला नाही, पण ओढताना अंग चोरायचे तो शिकला. कोणा पंडिताने हे सांगायला तीनशे पाने घेतली असती.

पंडितांनी ती घेतलीही. इंग्लंडात गाल्टन नावाच्या विद्वानाने १८६९ साली बुद्धिमत्ता घराण्यांतून कशी उतरते यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली एका घराण्याची गोष्ट छापली: एकाच पुरुषाचे दोन वंश, एक लग्नाच्या बायकोचा, सज्जनांचा, दुसरा खानावळीतल्या पोरीपासूनचा, मंदबुद्धी व गुन्हेगारांचा. लोकांना ती फार पटली. रक्त, रक्त म्हणतात ते हेच! पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ज्याला त्या वाईट वंशाचा मूळ पुरुष मानले होते तो त्या सद्गृहस्थाचा मुलगाच नव्हता असे दिसून आले. पण तोवर अशा ग्रंथांच्या आधाराने अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी "नालायक" ठरवलेल्या हजारो माणसांची सक्तीने नसबंदी केली होती, आणि जर्मनीने तर पुढे काय केले ते आपण जाणतोच.

याच जर्मनीत आमच्या इरावतीबाई कर्वे शिकायला गेल्या होत्या. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी माणसांच्या कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवली. गुरूचा ग्रह असा, की गोऱ्यांची कवटी आणि इतरांची कवटी यांत श्रेष्ठकनिष्ठपणा दिसलाच पाहिजे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि आकड्यांतून तसे काही निघत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, परीक्षा ज्याच्या हातात त्याच्याविरुद्ध, एकट्या बाईने! हे धैर्य त्यांच्या रक्तातले की रँग्लर परांजप्यांच्या ज्या घरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या तिथले, हा प्रश्न माझ्या मनात येतोच. पाहिलेत ना, खोड कशी लागते ती!

आमच्याच इतिहासात डोकावले तर उत्तर मिळावे असे वाटते. पेशव्यांचे घराणे घ्या. थोरल्या बाजीरावाचा मुलगा राघोबादादा आणि नातू माधवराव. रक्त एकच, शनिवारवाडा एकच. माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर बसला आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला. तेवढ्यात पानिपतावर मोडलेली दौलत त्याने उभी केली. राघोबाही काही कमअस्सल नव्हता. १७५८ साली लाहोरपर्यंत जाऊन आला होता. पण गादी हातभर अंतरावर दिसू लागली आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात पुतण्या नारायणरावाचा खून झाला. 'ध' चा 'मा' कोणी केला यावर इतिहासकार वाद घालोत. रामशास्त्र्यांनी दोष कोणाच्या पदरात घातला ते प्रसिद्धच आहे.

आता या राघोबाचा मुलगा दुसरा बाजीराव. त्याचे सारे बालपण नजरकैदेत गेले. भोवती पहारेकरी आणि खुशमस्करे. १७९६ साली तो पेशवा झाला आणि १८१८ साली पेशवाई संपली. बाप तसा बेटा म्हणावे, तर वाढला तोही तुरुंगातच. मग बापाचे रक्त किती आणि तुरुंगाचे पाणी किती, हे कसे मोजायचे? राघोबाचा दत्तक मुलगा अमृतराव याच कुटुंबातला. रक्ताचा संबंध नाही. तो दुसऱ्या बाजीरावाहून कर्तबगार होता असे मानणारे पुष्कळ आहेत. चला, रक्ताचा पक्ष जिंकला, असे म्हणावे तोच आठवते की इंग्रजांचे वर्षासन घेऊन स्वस्थ बसण्यात अमृतरावही मागे राहिला नाही. आणि बाजीरावाने ब्रह्मावर्ताला ज्याला दत्तक घेतले, त्या नानासाहेबाने १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध निशाण उभारले. या घराण्याने कोणाचीच बाजू नीट लढवू दिलेली नाही.

महाभारतात तर व्यासांनी आधीच प्रयोग करून ठेवला आहे, आणि तोही स्वतःवर. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर तिघेही त्यांचेच मुलगे. एकच बाप, एकच हस्तिनापूर. त्यांतला राजनीती ज्याला कळत होती तो दासीपुत्र म्हणून गादीपासून दूर राहिला.

एवढे झाल्यावर मी महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. ते मोजके बोलतात. म्हणाले, स्वभावातला काही वाटा जनुकांचा आहे, यात आता फारशी शंका नाही. लहानपणी ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अमेरिकेत १९७९ पासून पुष्कळ अभ्यास झाला आहे. पण अमक्या जनुकाने माणूस लबाड होतो, असे जनुक कोणाला सापडलेले नाही. मग त्यांनी मला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावाची हकीकत सांगितली. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर शास्त्रज्ञांनी जन्मापासून लक्ष ठेवले आहे. २००२ साली त्यांनी असे दाखवले, की मेंदूतल्या रसायनांशी संबंधित एका जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्या मुलग्यांपैकी ज्यांना लहानपणी मारझोड, छळ सोसावा लागला ते मोठेपणी अधिक प्रमाणात हिंसक निघाले. तेच रूप असूनही ज्यांना माया मिळाली ते चारचौघांसारखे राहिले. पुढच्या अभ्यासांत हा संबंध कधी दिसला, कधी फिका पडला. "थोडक्यात," ते म्हणाले, "तुमच्या परभणी मोतीसारखं."

परभणी मोती ही आमच्या कृषी विद्यापीठाने काढलेली रब्बी ज्वारी. दाणा टपोरा, मोत्यासारखा. हे विद्यापीठही १९७२ सालचे. पण हे बियाणे मुरमाड माळावर पेरले आणि पाऊस गेला, तर मोती काय, कडबासुद्धा हाती लागायचा नाही. आणि काळ्या रानात साधे गावरान पेरले तर तेही मान डोलावते. हे सांगायला मला प्राध्यापकांची गरज नव्हती. माझ्या मामाचे शेत मी पाहिलेले आहे.

मामा. इथवर मी त्यांना टाळत आलो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आई आणि मामा सख्खी भावंडे, दोन वर्षांच्या अंतराची. एकाच आईच्या पोटी जन्मलेली, एकाच चुलीवरची भाकरी खाल्लेली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा दोघे खडी फोडायला जात. आई सांगते, दुपारी सुकडी मिळायची, ती मामा आपल्या वाट्याची अर्धी ठेवून लहान भावंडांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणी. त्या कामावरच्या हजेरीपटात मुकादमाने मेलेल्या माणसांची नावे घातली होती. त्यांची मजुरी तो खाई. सगळ्यांना ठाऊक होते. वीस-बावीस वर्षांचा मामा एके दिवशी साहेब आला असताना उभा राहिला आणि एकेक नाव घेऊन विचारू लागला, "हा कुठं हाय? ह्याला बोलवा. मी खांदा दिलाय ह्याला." मुकादम गेला. मामा पुढारी झाला. अगदी त्याच दिवशी.

त्यानंतरचे मी पाहिले आहे. मामांच्या ओसरीवर माणसांचा राबता असे. कोणाला दवाखान्यात खाट हवी, कोणाला पोराच्या प्रवेशासाठी चिठ्ठी, कोणाला विहिरीचे कर्ज. मामा नाही म्हणत नसत. मामी रात्री अकरालाही पिठले टाकी. त्यांच्या हाती संस्था आली, दुसरी आली, मग कामे कोणाला द्यायची हे ठरवणे आले. मामांच्या अंगणात पहिली मोटार उभी राहिली तेव्हा गाव पाहायला लोटले. ती कशातून आली, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर लोकांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. आणि कधीतरी, नेमके कोणत्या वर्षी हे सांगता येणार नाही, हजेरीपटावर पुन्हा मेलेली माणसे दिसू लागली. या वेळी मामा खुर्चीवर होते.

आई मात्र बाजारात दुकानदाराकडून आठ आणे जास्त आले तरी भर उन्हात परत जाऊन देऊन येई. तेच रक्त, तीच सुकडी, तोच दुष्काळ.

मामा एकदा मनातले बोलले होते. निवडणूक नुकतीच जिंकलेली, माणसे पांगलेली, ओसरीवर आम्ही दोघेच. म्हणाले, "बापू, मी नाही म्हणलो की लोक म्हणतात, दादा बदलले. हो म्हणलो की म्हणतात, दादा देवमाणूस. आता एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढावं लागतं. पैका असो नाहीतर जागा. ज्याला देतो तो पाया पडतो. ज्याचं काढतो तो दिसत नाही." मग बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत बसले.

तेव्हापासून मला वाटते, आपण संगोपनाचा प्रश्न फार लवकर संपवतो. आईबापांनी बारा-पंधरा वर्षांत काय शिकवले त्यावर सगळा हिशेब करतो. पण पुढाऱ्याचा खरा बाळपणा पंचविशीनंतर सुरू होतो. पहिला हार गळ्यात पडतो, पहिला खोटा दाखला दिल्याबद्दल म्हातारी कडाकडा बोटे मोडून दृष्ट काढते, खरे बोलल्याबद्दल पहिली निवडणूक हातची जाते. हे वळण कोण लावते? ओसरीवर बसलेले आम्ही.

१९८६ साली मराठवाड्यातलेच मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर पद सोडावे लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस. मी तेव्हा पहिलीत नव्या पाटीवर अक्षरे गिरवीत होतो. पण आई सांगते की मामांच्या ओसरीवर त्या दिवशी एकच सूर होता: बापच तो, लेकीसाठी झाले असेल, त्यात काय एवढे? पुढेही निलंग्याच्या मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठवले. मी त्यांना नावे ठेवीत नाही. आमची ओसरी तेवढी मला आठवते.

उलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख पाहा. १९६२ पासून अकरा वेळा आमदार, एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून. आमदार असूनही एस.टी.ने फिरणारे म्हणून २०२१ मध्ये गेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. पण त्यांना अकरा वेळा मत देणाऱ्या सांगोलेकरांचे नाव कोणी घेतले नाही. ती माणसे काय वेगळ्या वाणाची आहेत? त्यांच्याकडेही दुष्काळ आहे, त्यांच्याकडेही पोरांना नोकऱ्या हव्यात. मला त्या तालुक्यात जाऊन एक वर्ष राहायचे आहे. पगारी रजा मिळाली तर.

आणि आता ती मुलाखत.

२००७ साल. मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा, आम्ही चौदा उमेदवार. मी एम.ए. प्रथम वर्गात झालेलो, सेटही उत्तीर्ण. म्हणजे कागदावर मी लायक होतो, हे मी आजवर स्वतःला शेकडो वेळा सांगितले आहे. मामा आदल्या दिवशी म्हणाले होते, "तू फक्त नाव नीट सांग. बाकीचं मी पाहतो." बाकीचे म्हणजे काय, हे मी विचारले नाही. व्हरांड्यात माझ्याशेजारी हिंगोलीकडचा एक उमेदवार बसला होता. सेट माझ्याआधी दोन वर्षे झालेला, दोन लेख छापून आलेले, त्यांची कात्रणे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेली. उन्हे उतरेपर्यंत आम्हांला बोलावले नाही, तेव्हा त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकरी व शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे केली. संतवाङ्मयावर तो फार सुंदर बोलला. मग हसून म्हणाला, "आमच्याकडून बोलणारं कोणी नाही. बघू."

मी आत गेलो. गाव विचारले. पेडगाव म्हटले. मधले गृहस्थ हसले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या दादांचे भाचे तुम्ही!" पुढे कोणी प्रश्न विचारला नाही. मीही प्रश्नांची वाट पाहिल्यासारखे केले.

मागच्या भाऊबीजेला आम्ही सगळे पेडगावी होतो. मामा आले. आता पंचाहत्तरी उलटली आहे, साखर आहे, काठी आहे, ओसरी रिकामी असते. आईने पाट मांडला, रांगोळी काढली. चिरंजीव मामाआजोबांच्या काठीशी खेळत होते. मामांनी त्याच्या निवडणुकीची हकीकत ऐकली होती. खूप हसले. "वाघ हाय," म्हणाले. "पण चॉकलेट आधी द्यायचं नसतं रे. आधी दिलं की लोक विसरतात."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखतो: आता संस्कार करा.

मी चिरंजीवांना अंगणात घेऊन गेलो. चॉकलेटे वाटणे वाईट का, हे सांगायला सुरुवात केली. प्रामाणिकपणा, लोकशाही असे काहीबाही बोललो. तो ऐकत होता. मग त्याने विचारले, "बाबा, तुम्हाला नोकरी मामाआजोबांनी लावली ना? आजी सांगत होती."

एरवी मी म्हणालो असतो, नाही रे, मी प्रथम वर्गात होतो. ते खोटेही नव्हते. पण का कोण जाणे, त्या दिवशी मी त्याला सगळे सांगितले. व्हरांडा, भाकरी, चटणी, कात्रणांची पिशवी, मधले गृहस्थ. बारा वर्षांच्या मुलाला सांगावे तसे नव्हे, जसे होते तसे.

तो थोडा वेळ मातीत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढीत राहिला. "म्हणजे तुमच्यासाठी मामाआजोबांनी चॉकलेटं वाटली."

"हो."

"मग त्या काकांचं काय झालं? ज्यांनी भाकरी दिली ते?"

मला ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत मी कोणाला विचारले नव्हते. त्याचे आडनाव आठवते; हिंगोली इथून तीन तासांवरही नाही.

आतून आईने हाक मारली, निरांजन तयार होते. मामा पाटावर बसले होते, टोपी नीट करीत.